बर्फवाले काका

अंबरनाथला काकांच्या दारात एक बाई रडत उभी होती आणि तिला बर्फ हवा होता. तिचे सासरे सकाळी वारले होते, नवरा सुरतेहून यायला संध्याकाळ होणार होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की विहाराच्या मागच्या गल्लीत बर्फवाले राहतात. काका बनियनवरच बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. "मी बर्फ विकत नाही," असं एकदाही म्हणाले नाहीत. शर्ट अडकवला, स्टेशनपलीकडच्या कारखान्यातून दोन लाद्या हातगाडीवर घातल्या, वर भुसा आणि गोणपाट टाकलं आणि गाडी तिच्या घरापर्यंत ढकलत नेली. मी त्या दिवशी त्यांच्याकडे दोराच्या गाठी शिकायला गेले होते, म्हणून गाडीला माझाही हात लागला. लाद्या कशा लावायच्या तेही त्यांनीच दाखवलं. "पाठीखाली नको. दोन्ही बाजूंनी लावा. पाण्याला वाट ठेवा."

परत येताना मी म्हटलं, "काका, तुम्ही ते बर्फवाले नाही, हे सांगितलं का नाहीत तिला?"

"तिला बर्फ पाहिजे होता," काका म्हणाले. "माझी ओळख नको होती."

ते 'बर्फवाले' झाले होते ते वेगळ्याच कारणाने. फौजेत वीसेक वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी हिमालयात. तिथे काय करत होता असं विचारलं की एकच शब्द सांगायचे, "खोदत होतो." बर्फ सुटून माणसं गाडली गेली की त्यांना बाहेर काढणाऱ्या तुकडीत ते होते. किती काढली, त्यातली किती जिवंत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले, अंबरनाथला घर घेतलं आणि एका छोट्या कारखान्यात फाटकावर नोकरी धरली. बर्फ मात्र डोक्यातून उतरला नाही. जिथे घामोळ्यांची पावडर बाराही महिने खपते, त्या गावात हा माणूस रोज बर्फाबद्दल बोलायचा.

त्यांच्या खिशात शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक असे. त्याच्या मध्याला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. चालता चालता ते थांबायचे, एक डोळा मिटायचे आणि कोनमापकाची कड समोरच्या उतारावर धरायचे. मंगलोरी कौलांचं छप्पर, रेल्वेच्या पुलाचा जिना, खडीचा ढीग, काहीही चालायचं. "अडतीस," पुटपुटायचे आणि पुढे निघायचे. त्यांचं म्हणणं असं की तीस अंशांच्या खाली बर्फ सहसा सुटत नाही आणि पंचेचाळीसच्या वर फारसा साचत नाही. मरण मधल्या पंधरा अंशांत राहतं. "आणि माणसाला चालायला नेमका तोच उतार बरा वाटतो," हे वाक्य ते प्रत्येक वेळी नवीन सुचल्यासारखं म्हणायचे.

त्या काळात बदलापूरला कात्रपच्या बाजूला इमारती उठायला लागल्या होत्या. जिथे तिथे रेतीचे ढीग. ढिगावर पोरं खेळताना दिसली की काका रस्ता सोडून तिकडे जायचे आणि त्यांना खाली उतरवायचे. रेशनच्या दुकानात गव्हाच्या राशीत बोट खुपसून बघायचे, वरचा थर आणि आतला थर वेगळा लागतो का ते. काकू म्हणायच्या, "आमच्या भाचीच्या लग्नात अक्षतांच्या ताटात बोट घातलं यांनी. भटजी नव्हते म्हणून बरं, भन्तेजी हसले नुसते." काकू हे हसत हसत सांगायच्या, पण त्यांच्या घरात फ्रिज नव्हता. उन्हाळ्यात कोणी बर्फ घातलेलं सरबत दिलं तर काका ग्लास हातात धरून बसायचे, बर्फ पूर्ण विरघळेपर्यंत, आणि मगच प्यायचे.

आमच्या डोंगर मंडळाला बदलापूर गावातल्या एका शाळेचा वर्ग रविवारी सकाळी मिळायचा. मंडळ म्हणजे पंधरावीस माणसं. माझा मोठा भाऊ प्रकाश, माझा दादा, त्याचा प्रमुख. दादा केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. मी तेवीस वर्षांची, उल्हासनगरला एका वकिलाकडे टायपिस्ट. आम्ही चंदेरी, मलंग, म्हैसमाळ असे घराजवळचे डोंगर करायचो आणि एकदा तरी हिमालयात जायचं असं सगळ्यांच्या मनात होतं. म्हणून दादा काकांना वर्ग घ्यायला घेऊन आला. पहिल्याच दिवशी काकांनी पिशवीतून एक पत्र्याचा ट्रे काढला. त्यात आधी ओला रवा थापला, त्यावर साखरेचा पातळ थर पसरला, वर बेसनाचं घट्ट पीठ थापून गुळगुळीत केलं.

"हे काय दिसतंय?"

"बर्फी," लछू म्हणाला. लछू उल्हासनगरचा, तीन नंबर कॅम्पातला सिंधी. घरचा कपडे शिवायचा धंदा. आमच्या सगळ्यांच्या पाठीवरच्या सॅक त्यानेच जीन्सच्या कापडाच्या शिवल्या होत्या.

काकांनी ट्रे हळूहळू तिरका केला. काही होईना. मग त्यांनी करंगळीने बेसनाला एका जागी टेकवलं. सबंध थर एकदम, जसाच्या तसा, ट्रेवरून सुटून टेबलावर आला. आम्ही दचकलो.

"खालची साखर दिसत नाही," काका म्हणाले. "वरून बर्फी दिसते. पायाखाली साखर आहे हे बर्फ कधी कधी आवाज करून सांगतो. धप्प. जमिनीखाली कोणी उशी दाबल्यासारखा. तो ऐकला की विषय संपला. मागे फिरायचं. आणि ओरडल्याने बर्फ कोसळतो ही सिनेमातली गोष्ट आहे. बर्फाला वजन कळतं, आवाज कळत नाही. तेव्हा ऐकलं तर ओरडून सांगा."

त्यांचा एक नियम होता. तुकडीतल्या एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. कारण विचारायचं नाही. दादाने हा नियम वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसरं त्यांचं वेड पंधरा मिनिटांचं. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुतेक वाचतो, पुढे आशा भराभर उतरते. म्हणून ते आमच्याकडून रेतीत पुरलेली पोती काढून घ्यायचे, हातात घड्याळ धरून. सतराव्या मिनिटाला पोतं सापडलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा काका पोत्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "आता याच्या बायकोला कोण सांगणार? टाळ्या वाजवणाऱ्यांनी ठरवा."

अशा माणसाबरोबर हिमालयात जाणं सोपं नव्हतं.

आम्ही गेलो मे महिन्यात. कुलूच्या वरच्या अंगाला एक खिंड आहे, तिचं नाव लिहीत नाही. आम्ही सहा जण: काका, दादा, मी, लछू आणि अंबरनाथचे दोघं. बरोबर एक म्हातारा पहाडी हमाल. मी एकटीच बाई. आईने दादाच्या भरवशावर सोडलं होतं.

खिंडीच्या अलीकडच्या तळावर पोचलो आणि हवा फिरली. दीड दिवस वाऱ्यासकट बर्फ पडला. तंबूत बसून बसून अंगं आंबली. मग एका सकाळी आभाळ असं निळं निघालं की डोळे दुखावेत. खिंड समोर दिसत होती. तिच्या आधी फक्त एक आडवा उतार पार करायचा होता, शंभरेक पावलांचा, गुळगुळीत, पांढरा.

काकांनी लांबूनच कोनमापक धरला. "सदतीस."

"म्हणजे?" दादाने विचारलं.

"म्हणजे आज नाही. नवीन बर्फाला बसायला वेळ द्या. तोही थकून आलाय."

तो दिवस गेला. परतीच्या गाडीचं रिझर्वेशन होतं, दादाची आणि अंबरनाथच्या दोघांची रजा संपत होती, रॉकेल संपत आलं होतं. संध्याकाळी जेवताना लछूने एक विनोद केला, तो तसाच पडून राहिला. दादा मला हळूच म्हणाला, "हा माणूस आपल्याला खिंड दाखवून परत नेणार. बघ तू."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तंबूतून बाहेर पडले. माझी पाळी आली होती. घरी सुद्धा ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, ती सहा पुरुषांच्या तळावर. तळाच्या वरच्या बाजूला, त्या आडव्या उताराच्या कडेला, एक मोठा खडक होता. त्याच्या आड गेले. कापड बदललं, जुनं बर्फात खोल पुरलं, वरून बर्फ ओढला. उठले आणि दोन पावलं उताराकडे टाकली, आणि पायाखाली धप्प झालं.

ट्रे, साखर, उशी, सगळं मला त्या क्षणी आठवलं. माझ्या बुटापासून एक भेग निघाली आणि केसासारखी बारीक होत उताराच्या दिशेने आठदहा हात गेली. मी श्वास धरून उभी राहिले. मग आपल्याच पावलांत पाय टाकत मागे आले.

तळावर सगळे तयार होऊन उभे होते. काका पहाटेच खड्डा खोदून आले होते. ते बर्फात छातीइतका खड्डा घ्यायचे आणि त्याच्या भिंतीत बोटांनी थर तपासायचे. पण त्यांनी तो उताराच्या खालच्या टोकाला, त्या खडकापासून लांब, जिथे हमालाची नेहमीची पायवाट होती, तिथे घेतला होता.

"माझ्या खड्ड्यात बर्फ ठीक आहे," काका म्हणाले. "ऊन यायच्या आत, एकेक जण, जाता येईल. पण माझा खड्डा एकाच जागी आहे. दुसऱ्या कोणी काही बघितलंय? काही ऐकलंय?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती क्षणभर थांबली असं मला आजही वाटतं, पण ते माझ्या मनाचे खेळही असतील.

मी सांगितलं असतं तर काकांनी एकच प्रश्न विचारला असता. कुठे? आणि फावडं घेऊन ते नेमके तिथे गेले असते. खोदायलाच गेले असते. त्यांच्या मागोमाग सगळे. माझा भाऊ, लछू, ते दोघं. जे मी पुरून आले होते ते सगळ्यांसमोर वर आलं असतं. 'माझा नकार' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, नियमच होता. पण दादा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की आता तू तरी नको बोलूस. मी खाली बघितलं. मनात म्हटलं, काका बर्फ ठीक आहे म्हणतात ना, त्यांना जास्त कळतं.

"नाही काका," मी म्हटलं. सगळ्यांत आधी मीच म्हटलं.

काकांनी सगळ्यांना सॅकचे पट्टे सैल करायला लावले, कमरेचं बक्कल सोडायला लावलं, म्हणजे वेळ आली तर सॅक फेकता येते. हमालाला त्यांनी एका उंच दगडावर उभं केलं. "ऊपर देखते रहना, चाचा." दादा पहिला निघाला. बाकीचे काठावर.

मी त्याची पावलं मोजत होते. वीस. तीस. तो एकदा थांबला, मग पुन्हा निघाला. साठाच्या पुढे मला वाटायला लागलं की झालं, काही होत नाही, मी उगाच घाबरले. सत्तरच्या आसपास असेन, तेव्हा त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर एक रेघ उमटली. निळसर. आवाज नंतर आला. सबंध उतार, जसाच्या तसा, एका तुकड्यात निघाला आणि मग फुटला. दादाने सॅक टाकलेली दिसली, त्याचे हात वर दिसले, एकदा त्याची लाल टोपी दिसली. मग नुसता पांढरा धूर.

मी पळत सुटले होते. काकांनी माझा दंड पकडला. एवढ्या जोराने की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं.

"तू हलायचं नाही. शेवटचा कुठे दिसला? बोट कर. बोट कर!"

मी बोट केलं.

"ते बोट खाली आणायचं नाही. डोळा हलवायचा नाही. तू हललीस तर जागा गेली." मग घड्याळ बघितलं. "सहा बावन्न. लछू, तंबूचे खांब. तुम्ही दोघं काठ्या. चाचा, ऊपर देखो, फिर आया तो सीटी बजाना. हिच्या बोटाच्या रेषेत, तिथून खाली, एका ओळीत. पळायचं नाही."

त्यांच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. जसं रेशनच्या रांगेत कोणी नंबर पुकारावा तसं. ते उतारावर गेले, तिघं त्यांच्या मागे. आणि मी काठावर हात लांब करून उभी. हात खाली यायला लागला तेव्हा डाव्या हाताने उजवा धरला. वर अजून अर्धा उतार लटकून राहिला होता, तो सुटला तर ते चौघंही जाणार होते. हे मला दिसत होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. लछू रडत होता आणि खांब खुपसत होता. "प्रकाशभाई, अरे आवाज दे ना यार," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. काका दर मिनिटाला आकडा सांगत होते.

"चार."

खांब वर, खांब खाली, एक पाऊल पुढे.

"सहा."

मला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवायचा प्रयत्न केला तर नजर हलेल अशी भीती वाटली म्हणून सोडून दिलं. मला फक्त तो खडक डोळ्यांच्या कडेला दिसत होता. उजव्या बाजूला. तो बघायचा नव्हता तरी दिसत होता.

"नऊ."

काकांनी ओळ थांबवली, माझ्या बोटाकडे बघितलं, मग खाली एका फुगवट्याकडे. "वाहून आलेला माणूस अशाच ठिकाणी अडकतो," पुटपुटले आणि ओळ तिथे नेली. तिसऱ्या खेपेला अंबरनाथच्या एकाची काठी अडली. त्याने पुन्हा दाबून बघितलं. "मऊ लागतंय," तो ओरडला.

मग चौघंही हातांनी, ताटांनी, एका फावड्याने खोदायला लागले. अकराव्या मिनिटाला दादाचा चेहरा दिसला. निळा. काकांनी त्याच्या तोंडात दोन बोटं घालून बर्फ काढला, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावलं. एकदा. दोनदा. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग दादा खोकला.

माझा हात अजून वरच होता. शेवटी हमाल खाली उतरला आणि त्याने तो धरून हळूच खाली केला.

दादाचा खांदा निखळला होता, बरगड्या मोडल्या होत्या. त्याला खाली आणायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात काका कोणालाही रागावले नाहीत. पण रस्त्यात एका ठिकाणी थांबलो असताना मी बघितलं, ते एकटे बसून आपल्या दोन्ही पंजांकडे बघत होते, जणू दुसऱ्या कोणाचे असावेत.

बदलापूरला दादाचा सत्कार झाला. मृत्यूच्या दाढेतून परत आलेला म्हणून. काकांनाही शाल दिली. ती त्यांनी घरी जाऊन काकूंना देऊन टाकली. सगळे म्हणायचे, नशीब. काका म्हणायचे, "माझा खड्डा चुकला." मंडळाच्या वहीत त्यांनी आपल्या हाताने लिहिलं: खड्डा चुकीच्या जागी घेतला. खाली सही.

ते वाचून मला राहवेना. तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले. काकू पाणी भरत होत्या. मी काकांना सगळं सांगितलं. खडक, कापड, आवाज, भेग. बोलताना एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं एक तर हाकलून देतील, नाही तर डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही ओढली.

"आवाज तुटक होता की लांब?"

"लांब."

"भेग वरच्या अंगाला गेली का आडवी?"

"आडवी. आठदहा हात."

त्यांनी लिहून घेतलं. वर मान न करता म्हणाले, "प्रकाशला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. मी सांगणार नाही. ते माझं नाही." मग वही मिटून, "तुला किती त्रास झाला असेल त्या तळावर. मला दोन मुली आहेत. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

मी चार वर्षं सांगितलं नाही. काकांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. दर वर्षी वर्गात धप्पचा विषय निघाला की ते माझ्याकडे न बघता पुढे जायचे, आणि त्यांचं ते न बघणं मला कळायचं. या चार वर्षांत माझं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. दादा मंडळात पूर्वीसारखा जोरात होता, फक्त उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. शर्ट घालताना तो वहिनीला हाक मारायचा, आणि मी त्या वेळी खोलीत असले तर उठून बाहेर जायचे.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका रविवारी वर्गात एक नवीन मुलगी होती, वांगणीची. तिने भीत भीत हात वर केला. "काका, बायकांनी... म्हणजे तळावर, जायचं कुठे?" मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. मुलीने मान खाली घातली. काका काही बोलायच्या आत मी उभी राहिले.

"मी सांगते," म्हटलं. आणि सगळं सांगितलं. पाळी हा शब्दही वापरला. वीस माणसांसमोर, त्यात बारा पुरुष. दादा दाराजवळ बसला होता. मी त्याच्याकडे बघत सांगितलं. शेवटी म्हटलं, "मला ऐकू आलं होतं. तरी काकांनी विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणाले."

लछू हळूच म्हणाला, "अरे बापरे, ताई."

वर्ग सुटल्यावर काका, दादा आणि मी स्टेशनच्या रस्त्याने निघालो. बाजारात भाजीवाल्यांची गर्दी होती. एका ठिकाणी दादा थांबला आणि म्हणाला, "मलाही झालं होतं."

"काय?" काकांनी विचारलं.

"धप्प. तिसाव्या पावलाला. मी थांबलो होतो ना एकदा? तेव्हा. मागे वळावं असं वाटलं. पण तुम्ही सगळे काठावरून बघत होतात. आदल्या दिवशी मीच एवढा..." त्याने वाक्य सोडलं. "म्हणून पुढे गेलो."

काकांना रागावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी दादाची कॉलर धरली. भर बाजारात, भाजीच्या पाट्यांमध्ये. "अकरा मिनिटं!" ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "अकरा मिनिटं मी तुला शोधत होतो. हिचा हात वर होता. आणि तुला ठाऊक होतं? चार वर्षं ही पोरगी... तुला ठाऊक होतं आणि तू शाल घेतलीस?"

दादा तेहतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखा उभा होता. लोक बघायला लागले. एका भाजीवालीने विचारलं, "काय झालं बाबा, पाकीट मारलं का?"

काकांनी कॉलर सोडली. ती सरळ केली. मग माझ्याकडे वळले.

"तू बोलली असतीस तर मी थांबवलं असतं. ते तुझं. ते मी पुसत नाही. हा वळला असता तर मागे यायची संधी होती. ते याचं. आणि मी सगळ्यांना एकदम विचारलं. सगळ्यांना एकदम विचारलं की कोणीच सांगत नाही. एवढी वर्षं फौजेत काढून मला एवढं कळलं नाही. ते माझं."

आणि गाडी धरायला निघून गेले. मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मला वाटलं ते येणार नाहीत. आले. ट्रे आणला नव्हता. फळ्यावर काही लिहिलं नाही. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात एक खुर्ची नेऊन ठेवली आणि एकेकाला नाव घेऊन बाहेर बोलवायला लागले. सगळ्यांत आधी त्या वांगणीच्या मुलीला. दार ओढून घ्यायचे, आत काही ऐकू येऊ नये म्हणून. दीड तास हा प्रकार चालला. लोक कंटाळले, जांभया दिल्या, एकाने तर सरळ म्हटलं की म्हातारा आता कामातून गेला. लछू बाहेरून आला तो नाक ओढतच आला. दादा बाहेर बराच वेळ होता.

मला शेवटी बोलावलं. व्हरांड्यात ऊन आलं होतं. काका खुर्चीत नव्हते, कठड्याला टेकून उभे होते. खुर्ची माझ्यासाठी होती.

"काही बघितलंयस? काही ऐकलंयस? आत जे बोलता येत नाही असं काही?"

मी खरंच शोधलं. उत्तर द्यायची घाई केली नाही.

"नाही काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली, दार उघडलं आणि आधी मला आत जाऊ दिलं.